विशीतला नास कुठून आणायचा?

डिसेंबर 2025 मध्ये रॅपर नास आणि निर्माता डीजे प्रीमियर यांचा 'लाइट-इयर्स' आला, तेव्हा जुन्या हिप-हॉपवेड्यांनी खरं तर पेढे वाटायला हवे होते. या दोघांनी मिळून एक अख्खा अल्बम करावा ही मागणी जवळजवळ वीस वर्षं चालली होती. 2006 च्या सुमारास तशी जाहीर बोलणीही झाली आणि मग ती बोलणीच राहिली. शेवटी अल्बम कानावर पडला, आणि पेढे राहिले बाजूला, वादच सुरू झाले.

त्यातला एक वाद दोन मराठी भावांचा आहे. थोरला न्यू जर्सीत, एडिसनला. 1993 मध्ये एम.एस. करायला गेला तो तिथलाच झाला. धाकटा डोंबिवलीत. दर रविवारी फोन होतो; आईचे गुडघे आणि सोसायटीच्या पुनर्विकासाचं रडगाणं आटोपलं की गाडी रॅपवर येते. थोरल्याची पन्नाशी उलटली आहे, धाकट्याची उंबरठ्यावर आहे, आणि दोघांचंही हे वेड एकाच कॅसेटपासूनचं. 1994 च्या उन्हाळ्यात थोरल्याने भारतात सुट्टीला निघालेल्या मित्राबरोबर नव्वद मिनिटांची एक टीडीके पाठवली होती. एका बाजूला नासचा 'इलमॅटिक', दुसऱ्या बाजूला ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'मिडनाइट मरॉडर्स'. ट्राइबचा अल्बम पंचेचाळीस मिनिटांत मावेना, म्हणून शेवटची गाणी कापली गेली होती. 'इलमॅटिक' मात्र आरामात मावला आणि वर पाच मिनिटं कोरी टेप उरली.

"मिळालं ना तुला हवं होतं ते?" थोरला विचारतो. "प्रीमियरचे बीट, प्रीमियरचं स्क्रॅचिंग, वर नासचा आवाज. आता कसली तक्रार?"

"तक्रार नाही रे दादा. पण..."

"हा 'पण' मी तीस वर्षं ऐकतोय."

"पण हा तो नाही. बीट तेच आहेत, उलट जरा जास्तच तेच आहेत. आतला माणूस बदललाय."

"आतला माणूस बावन्न वर्षांचा आहे. तू कितीचा आहेस?"

यावर धाकटा विषय बदलत नाही, आवाज चढवतो. त्याचं म्हणणं नीट समजून घ्यायचं तर आधी 'इलमॅटिक'पाशी थांबायला हवं. 19 एप्रिल 1994 ला तो आला तेव्हा नास वीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ईस्ट नदीजवळ क्वीन्सब्रिज नावाची सरकारी वसाहत आहे. तीन हजारांहून अधिक घरांची, उत्तर अमेरिकेतली अशी सर्वांत मोठी. नास तिथे वाढला. वडील ओलू दारा जॅझवाले. अल्बममधल्या एका गाण्याच्या शेवटी ते स्वतः वाजवतात. एकूण दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांहून कमी वेळ, आणि बीट करायला प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल.ई.एस. एकेका निर्मात्याने अख्खा अल्बम सांभाळायचा त्या दिवसांत एका नवख्या पोरासाठी एवढी मंडळी जमली याचंच तेव्हा नवल झालं. 'द सोर्स' मासिकाने पाचपैकी पाच माइक दिले. विक्री बेताचीच, दहा लाखांचा प्लॅटिनम टप्पा गाठायला 2001 उजाडलं. वीस वर्षांनी, 2021 मध्ये, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत त्याची नोंद केली.

"त्यात तो पोरगा खिडकीत उभा राहून खाली काय चाललंय ते सांगतो," धाकटा म्हणतो. "मी इथे कॉटवर पालथा पडून ऐकायचो. निम्मे शब्द डोक्यावरून जायचे, पण ते जिने दिसायचे. तुरुंगातल्या मित्राला पत्र लिहितो त्या गाण्यात तर काटा यायचा अंगावर. आता हा गुंतवणूकदार आहे. घराच्या बेलमध्ये कॅमेरा बसवणारी रिंग कंपनी, तिच्यात याच्या फंडाचे पैसे होते, आणि 2018 मध्ये ती ॲमेझॉनने घेतली. खिडकीतून बघणारा पोरगा आता दारावरच्या बेलमधून बघतो. त्यात मी काय ऐकायचं?"

वाक्य झकास आहे, आणि ते धाकट्यालाही ठाऊक आहे. याआधी कुठेतरी वापरून पाहिलेलं असणार. थोरला असल्या वाक्यांना सरावलेला आहे.

"हीच तक्रार मी इथे 1996 मध्ये ऐकली होती," तो म्हणतो. "तेव्हा त्याच्याकडे फंड नव्हता."

तक्रार 'इट वॉज रिटन'बद्दलची. जुलै 1996 मध्ये आलेला हा नासचा दुसरा अल्बम. बरीचशी निर्मिती ट्रॅकमास्टर्स या जोडगोळीकडे, म्हणजे रेडिओवर चटकन चालेल असा गुळगुळीत आवाज. प्रीमियरच्या वाट्याला एकच गाणं. डॉ. ड्रेचंही एक, आणि तेही पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना. मुख्य गाण्यात लॉरिन हिलचा गळा. अल्बम थेट बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर गेला आणि 'इलमॅटिक'च्या भक्तांनी कपाळावर हात मारून घेतला. पहिला अल्बम येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, म्हणजे 'जुने चाहते' म्हणवणाऱ्यांचं जुनेपणही दोनच वर्षांचं, तरी नास विकला गेला असा निकाल लागला. थोरला तेव्हा जर्सी सिटीत चौघांबरोबर एका तळघरात राहायचा. त्यातल्या एकाने ती सीडी परत करायला दुकान गाठलं होतं. आज त्याच अल्बमला नासच्या उत्तम कामांत बसवणारे कितीतरी जण भेटतात, आणि त्यांत तेव्हा शिव्या घालणारेही आहेत.

"नासचा प्रत्येक अल्बम दहा वर्षांनी चांगला होतो," थोरल्याचा सिद्धान्त.

"मग 'नॅस्ट्रॅडेमस' कधी होणार?"

1999 च्या त्या अल्बमचं नाव निघालं की थोरला नेहमीप्रमाणे चहाचा घोट घेतो. पंचवीस वर्षं उलटून गेली, तो काही चांगला झालेला नाही.

"आणि तो आवाज?" धाकटा आता सोडत नाही. "ती खरखर, ती धूळ कुठे गेली? मधल्या काळात त्या हिट-बॉय नावाच्या निर्मात्याबरोबर केलेले अल्बम ऐक. सगळं कसं धुऊन इस्त्री करून घडी घातलेलं."

थोरला पेशाने इंजिनियर असल्यामुळे इथे त्याला आयतीच संधी मिळते. नव्वदीच्या सुरुवातीचं बरंचसं काम ई-मू कंपनीच्या एसपी-1200 आणि अकाईच्या एमपीसी-60 या यंत्रांवर व्हायचं. एसपी-1200 बाजारात आलं 1987 मध्ये. जुन्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे साठवायला त्यात सगळी मिळून दहाएक सेकंदांची जागा. मग निर्माते युक्ती करत. 33 च्या वेगाची रेकॉर्ड 45 वर फिरवून तुकडा भरायचा, म्हणजे जागा कमी लागते, आणि यंत्रात गेल्यावर त्याचा वेग उतरवायचा. बारा बिटांच्या त्या यंत्रात सूर असा खाली खेचला की जो खडबडीतपणा यायचा तीच धाकट्याची धूळ.

"तुला आवडतो तो आवाज यंत्राच्या गरिबीतून आलाय," थोरला म्हणतो. "आता तुझ्या फोनमध्येसुद्धा त्याच्या लाखोपट जागा आहे. मुद्दाम गरिबी आणायची का?"

"आणतात की. प्लगइन मिळतं विकत."

"मग ते सोंग झालं."

यंत्राइतकाच हात कायद्याचा. डिसेंबर 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या एका गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने होती. अल्बम दुकानांतून काढून घ्यावा लागला. बिझ मार्कीने 1993 मध्ये पुढचा अल्बम काढला आणि नाव ठेवलं 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!' विनोद उत्तम होता, पण त्यानंतर प्रत्येक तुकड्याचं मोल मोजणं आलं. एका गाण्यात दहा-बारा रेकॉर्डचे कपटे विणायची चैन संपत गेली. डी ला सोल या त्रिकुटाचा 1989 चा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' हा असल्या विणकामाचा अस्सल नमुना. परवानग्यांच्या गुंत्यात तो इतका अडकला की स्ट्रीमिंगवर यायला मार्च 2023 उजाडला. त्याआधी काही आठवडे त्या तिघांपैकी एक, डेव्ह, वारला होता.

"म्हणजे जुना आवाज रॅपरने नाही, वकिलांनी मारला," धाकटा म्हणतो.

"लिही असं कुठेतरी."

पण वाद याने मिटत नाही. मिटण्यासारखा असता तर 'लाइट-इयर्स'ने मिटला असता. तिथे प्रीमियर आहे, तुकडे कापून जोडलेले बीट आहेत, धूळ आहे. तरी धाकटा उदास आहे. त्याचं दुखणं आवाजाचं नव्हे हे त्याला स्वतःलाही या अल्बममुळेच कळलं असावं.

हिप-हॉपचा जन्म 11 ऑगस्ट 1973 ला मानतात. ब्राँक्समध्ये 1520 सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तो दिवस. नास जन्मला 14 सप्टेंबर 1973 ला. पाच आठवड्यांचं अंतर! म्हणजे कला आणि कलावंत एकाच वयाचे. पन्नाशीतला रॅपर कसा असतो हे या माणसाने कुणाकडे बघून शिकायचं? ख्याल गाणाऱ्याला असा प्रश्न पडत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर सत्तरीच्या पुढे जे गायले त्यासाठी लोक जीव टाकत. आवाज थकला तर गायक पट्टी खाली घेतो आणि श्रोता त्याला गाण्याचाच भाग मानतो. ब्लूजमध्ये तर म्हातारपण हे भांडवल, बी. बी. किंग ऐंशी उलटल्यावरही दौरे करत होता. रॅपच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरी मात्र तरुणांच्या. टुपाक गेला पंचविसाव्या वर्षी, बिगी चोविसाव्या, बिग एल चोविसाव्या, बिग पन अठ्ठाविसाव्या. त्यांनी उतारवयातला वाईट अल्बम काढायला वेळच ठेवला नाही. जे जगले ते त्या तसबिरींशी तुलना सोसत जगताहेत.

शिवाय रॅपमधला 'मी' फार चिवट. गझलेतला 'मी' कुणीही असतो, आणि लावणीतली बाई शाहिराने लिहिलेली आहे हे फडातल्या शेवटच्या माणसालाही कळतं. रॅपरचा 'मी' म्हणजे तो स्वतः: त्याची गल्ली, त्याचं वय, त्याच्या खिशातले पैसे. ऐकणाऱ्याला त्यात दोन आश्वासनं एकदम मिळतात. मी खरं तेच बोलेन, आणि मी या अशा आवाजात, अशा तोऱ्यात बोलेन. विशीत ही दोन्ही एकच वाटतात. पंचेचाळिशीत त्यांची फारकत होते. खरं बोलायचं तर तोरा बदलतो, तोरा राखायचा तर कुठे ना कुठे खोटं बोलावं लागतं. चाहत्यांत फूट पडते ती इथे. कोण कुठलं आश्वासन धरून बसला होता ते तेव्हाच बाहेर येतं.

थोरला पहिलं, खरं बोलण्याचं, आश्वासन धरून बसलेला. त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे जे-झीचा '4:44'.

जे-झीचीही गोष्ट सरळ नाही. 2003 मध्ये 'द ब्लॅक अल्बम' काढून त्याने निवृत्ती जाहीर केली, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा जलसा केला आणि तीन वर्षांत 'किंगडम कम' घेऊन परत आला. तो अल्बम इतका बेंगरूळ की पुढे 2013 मध्ये स्वतःच्या अल्बमांची क्रमवारी लावताना त्यानेच त्याला तळाशी टाकलं. वयाने मोठ्या माणसासारखं बोलायचं होतं, पण जमत नव्हतं. ते जमलं जून 2017 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी. '4:44' मध्ये दहाच गाणी, छत्तीस मिनिटं, सगळे बीट एकट्या नो आय.डी.चे, नीना सिमोन आणि स्टीव्ही वंडरच्या जुन्या सुरांवर बांधलेले. पहिल्याच गाण्यात तो स्वतःच्या अहंकाराला संपवायला निघतो. बायकोशी केलेल्या प्रतारणेची कबुली देतो. आणि एका गाण्यात आपली आई समलिंगी आहे, चार मुलं वाढवताना तिला ते आयुष्यभर लपवावं लागलं, हे जगासमोर ठेवतो; शेवटी आईचाच आवाज येतो.

"चांगला आहे," धाकटा म्हणतो. "पण मध्येच तो गुंतवणूक सल्लागार होतो. ब्रुकलिनच्या डम्बो भागातली इमारत वेळेवर घेतली नाही ही त्याची हळहळ. अरे, मला डोंबिवलीत टू बीएचके घेता घेता घाम फुटला. ती हळहळ मी कुठे ठेवू?"

"आणि आईचं गाणं?"

धाकटा थोडा वेळ बोलत नाही. "ते मान्य," म्हणतो. "ते विशीत नसतं आलं त्याला."

विशीत ते कुणालाच आलं नसतं. नव्वदीच्या रॅपमध्ये समलिंगी माणसासाठी शिवीशिवाय शब्द नव्हता, आणि सुवर्णकाळाच्या आठवणींनी गहिवरणारे हा भाग सोयीने गाळतात. धाकट्यासारखे लोक 'तेव्हाचं सगळं' परत मागतात तेव्हा त्या सगळ्यात हेही येतं.

एमिनेमबाबत दोघांचं चटकन जुळतं. डिसेंबर 2017 चा 'रिव्हायव्हल' म्हणजे एड शीरन, पिंक, बियॉन्से अशा पॉपच्या कुबड्या घेऊन तरुण राहायची धडपड. टीका झाली, तर आठ महिन्यांत चिडून 'कामिकाझे' काढला. 2024 मध्ये 'द डेथ ऑफ स्लिम शेडी' मध्ये त्याने आपल्या जुन्या बंडखोर सोंगालाच मारायचा घाट घातला. त्याआधी 'डेट्रॉइट फ्री प्रेस' मध्ये स्लिम शेडीच्या निधनाची बातमी छापून आली होती. "मारण्यासाठी आधी जिवंत केला आणि त्या नादात पुन्हा तेच जुने चाळे," हे धाकट्याचं मत. थोरलाही मान डोलावतो. बदलणारे आणि न बदलणारे, दोघांपेक्षाही अवघड जागा पोरांच्या मागे धावणाऱ्या प्रौढाची असते.

आंद्रे 3000 वर मात्र बाजूच उलटतात.

आउटकास्ट या जोडीचा हा अर्धा भाग. 1995 च्या सोर्स पुरस्कारांत न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर दक्षिणेलाही काही म्हणायचंय असं ठणकावून सांगणारा अटलांटाचा पोरगा. 2004 मध्ये त्यांच्या 'स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो' ला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. मग जवळजवळ वीस वर्षं लोक त्याच्या एकट्याच्या रॅप अल्बमची वाट पाहत होते. नोव्हेंबर 2023 मध्ये आला तो 'न्यू ब्लू सन': सत्त्याऐंशी मिनिटं, आठ रचना, बासरी, आणि रॅपचा एक शब्द नाही. पहिल्या रचनेचं नावच असं लांबलचक, की खरोखर रॅप अल्बम करायचा होता पण वारा इकडे घेऊन आला. ती रचना बारा मिनिटांहून मोठी आहे, आणि बिलबोर्ड हॉट 100 मध्ये शिरलेलं ते तोवरचं सर्वांत लांब गाणं ठरलं. एका मुलाखतीत त्याने सांगितलं होतं, की अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने रॅपमध्ये बोलायचं कशावर, कोलोनोस्कोपीवर की मंदावलेल्या नजरेवर?

पंथाभिमानी धाकटा चिडायला हवा होता. तो खूश आहे. "हा एकटा प्रामाणिक. सांगण्यासारखं उरलं नाही म्हणाला, गप्प बसला, बासरी उचलली. आमचा तो जुना आंद्रे आहे तसा राहिला. कुणी त्याच्यावर पोचारा फिरवला नाही."

आणि बदलाचा कैवारी थोरला उसळतो. "अरे, मग कर ना कोलोनोस्कोपीवर रॅप! माझी झाली गेल्या वर्षी. आदल्या रात्री ते औषधाचं पाणी पिताना माणसाला काय काय आठवतं, यावर कुणी रॅप केलाय? आम्ही तीस वर्षं ऐकतोय ते तुमच्या ड्रग विकण्याच्या गोष्टी ऐकायला? आम्ही कधी विकले होते?"

थोरल्याचा हा राग वाजवी आहे. त्याच 2023 मध्ये किलर माइकच्या 'मायकल' अल्बममधल्या एका गाण्यात आंद्रेने एक कडवं रॅप केलं, आणि त्या गाण्याने पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी नेले. म्हणजे बोलणं आटलं होतं असं काही दिसत नाही. अल्बमभर स्वतःबद्दल बोलायचा कंटाळा आला होता असं फार तर म्हणता येईल.

मग धाकटा 'का' याचं नाव काढतो, आणि संभाषणाचा सूर बदलतो.

'का' हे एका रॅपरचं नाव. ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलचा. नव्वदीत एका गटात होता, जमलं नाही, सोडून दिलं. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात नोकरी धरली आणि कॅप्टन झाला. 2008 मध्ये स्वतःच्या पैशाने पहिला एकल अल्बम काढला. 2012 मध्ये 'ग्रीफ पेडिग्री' आला तेव्हा कुठे जाणकारांच्या माना वळल्या, आणि तोवर तो चाळिशीला टेकला होता. नंतरचे 'द नाइट्स गॅम्बिट', 'ऑनर किल्ड द सामुराय' ऐकावेत. ढोल-ताल जवळजवळ नाही, सुरांचा एखादा लूप संथ फिरत राहतो आणि वर हा खालच्या पट्टीत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अर्थ लागतो, कारण एकेका ओळीत दोन-दोन गोष्टी दडवलेल्या. बुद्धिबळ, सामुराय, ग्रीक पुराणं, बायबल असे विषय घेऊन तो पुन्हा पुन्हा त्याच ब्राउन्सव्हिलच्या जिन्यांवर येतो. अल्बम विकायला कधी कधी स्वतः फुटपाथवर उभा राहायचा. 2016 मध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'ने त्याच्या ओळी पोलिसविरोधी ठरवून पहिल्या पानावर त्याला झोडपलं. हा तरी आगी विझवायला हजर. ऑक्टोबर 2024 मध्ये, बावन्नाव्या वर्षी तो गेला.

"बघ," धाकटा म्हणतो. "वय आड येत नाही. सुखवस्तूपणा आड येतो. हा माणूस वर्षानुवर्षं शिडीवर चढत होता. नास शिडीवरून उतरला आणि त्याने इमारत विकत घेतली."

"तूच माझी बाजू मांडतोयस," थोरला म्हणतो. "'का' विशीत चांगला नव्हता. त्याला बोलता यायला चाळिशी लागली. तरुणपणीच रॅप चांगला होतो हे तुझं मत तिथेच बाद."

"मी असं म्हणालोच नाही."

"तीस वर्षं दुसरं काय म्हणतोयस?"

एकच माणूस दोघांनी आपापल्या साक्षीला उभा केला, आणि दोघांची बाजू खरी निघाली, असा प्रसंग वादात क्वचित येतो. थोरल्याचं वयाबद्दलचं म्हणणं टिकतं. पण धाकट्याचा सुखवस्तूपणाचा मुद्दाही झटकून टाकता येत नाही. नासने 2020 ते 2023 या काळात हिट-बॉयबरोबर सहा अल्बम काढले. हिट-बॉय 1987 चा, कॅलिफोर्नियाचा. 'किंग्ज डिसीज' ने 2021 मध्ये नासला कारकिर्दीतला पहिला ग्रॅमी दिला. 'किंग्ज डिसीज 3' मध्ये तर एकही पाहुणा नाही, सगळा भार त्याच्या एकट्याच्या जिभेवर, आणि ती जीभ अजून तलवार आहे. तरी त्या सहा अल्बममध्ये यशाचा हिशेब फार आहे. आपण कुठून कुठे आलो हे माणूस पाचव्यांदा सांगतो तेव्हा ते खरं असूनही ऐकवत नाही. सहाचे तीन झाले असते तर थोरल्याला वाद जिंकणं सोपं गेलं असतं.

हा वाद आता डोंबिवलीतल्या घरात दुसऱ्या पिढीत गेला आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये 'गली बॉय' आला, त्याचा कार्यकारी निर्माता म्हणून नासचं नाव होतं. त्याच वर्षी त्याच्या मास अपील कंपनीची भारतातली शाखा निघाली आणि तिने पहिला करार अंधेरीच्या डिव्हाइनशी केला. धाकट्याचा मुलगा तेव्हा शाळेत होता. डिव्हाइनचं 'मेरे गली में' त्याला तोंडपाठ. आता कॉलेजात आहे आणि 'कोहिनूर' नंतरचा डिव्हाइन त्याला चालत नाही.

"काय म्हणतो?" थोरला विचारतो.

"म्हणतो, पैसे आले, गल्ली गेली. कोरस फार वाढलेत."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, अरे तो पस्तिशीचा झाला, किती दिवस त्याने गल्लीत उभं राहायचं?"

एडिसनहून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येतं. धाकटा वैतागतो. मुलाची गोष्ट वेगळी आहे, डिव्हाइनची वेगळी आहे, तुलना होऊ शकत नाही, असं बरंच काही म्हणतो आणि मग पलटवार करतो.

"ते जाऊ दे. 2022 मध्ये नास आणि वू-टँगचा दौरा होता, तू गेला होतास ना? नवी गाणी किती केली त्याने?"

"केली की. चार-पाच."

"आणि लोक?"

"लोक... ऐकत होते. काही जण उठले."

"तू?"

"बिअर संपली होती," थोरला म्हणतो. "रांग मोठी होती."

"किती गाणी गेली रांगेत?"

"परत आलो तेव्हा 'इलमॅटिक'मधलं 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' सुरू झालं होतं. बरोबर वेळेवर पोचलो."